तबल्याला कोण आहे?

आत्या मिरजेहून आली की दुपारच्या चहाआधी तिला काहीतरी ऐकायचं असतं. गेल्या खेपेला ती आली तेव्हा मी फोनवर भीमसेनजींचा मुलतानी लावला आणि शेल्फवरच्या छोट्या गोल स्पीकरला जोडून दिला. ती खुर्चीत पाय वर घेऊन, डोळे मिटून बसली. विलंबित, म्हणजे संथ लयीतला, ख्याल जरा रंगात आल्यावर डोळे न उघडताच तिने विचारलं, "तबल्याला कोण आहे गं?" मी फोन हातात घेतला. पडद्यावर पंडितजींचा फोटो, रागाचं नाव, कंपनीचं नाव आणि एक वर्ष. तेही ध्वनिमुद्रणाचं नसावं, ॲपवर चढवल्याचं असावं. क्रेडिट्स दाखवणारा एक कप्पा असतो, तिथे गेले. कलाकार म्हणून पुन्हा भीमसेन जोशी. बाकी काही नाही. "लिहिलेलं नाही आत्या," मी म्हणाले. तिने डोळे उघडले. "लिहिलेलं नाही म्हणजे काय? कुणीतरी वाजवतंयच की."

तिने पुन्हा डोळे मिटले आणि गाणं पुढे चालू राहिलं. माझं मात्र लक्ष उडालं. पुढचा सगळा वेळ मी त्या तबल्याकडेच कान लावून होते, आणि त्या माणसाचं नाव आपल्याला माहीत नाही, ते कळायचा मार्गही समोर नाही, ही गोष्ट मला खुपत राहिली.

मिरजेत हा प्रश्न विचारायला कुणी मोठा दर्दी असावं लागत नसे. गावात सतारमेकरांची दुकानं, उंबऱ्यापाशी वाळत ठेवलेले भोपळे, आणि दर्ग्याच्या आवारात अब्दुल करीम खाँसाहेबांची कबर. उरुसातल्या गाण्याला भाजी विकणारा माणूसही रात्रभर बसलेला असायचा. पहाटे परत येताना जे बोलणं चाले त्यातलं निम्मं साथीविषयी असे. अमक्याने ठेका किती साधा ठेवला, पेटीवाला कसा मागे मागे राहिला आणि नेमक्या जागी कसा पुढे आला. गवयाला दाद देऊन झाल्यावर साथीदाराचं नाव घेणं ही आमच्याकडे रीत होती. बाबा रेल्वेत होते, स्वतः एक सूरही गात नसत, पण पेटी कुणाची हे ते दोन आवर्तनांत सांगायचे.

बाबांची सगळी चैन एका लाकडी कपाटात मावत होती. कॉस्मिकचा ॲम्प्लिफायर, त्यावर रेकॉर्डचा चेंजर, आणि भिंतीच्या दोन कोपऱ्यांत आठ इंची वूफर असलेले दोन मोठे लाकडी स्पीकर. निवृत्त होऊन मुलाकडे निघालेल्या एका डॉक्टरांकडून त्यांनी हे सगळं हप्त्याने घेतलं होतं. ॲम्प्लिफायरचा दर्शनी पत्रा ॲल्युमिनियमचा, त्यावर बास आणि ट्रेबलची जड गोल बटणं. ती फिरवताना बोटांना एक घट्ट, तेलकट विरोध जाणवायचा. स्विच दाबला की आधी स्पीकरमधून धप्प असा आवाज यायचा आणि मग पाच मिनिटांत तापलेल्या धुळीचा वास माजघरात पसरायचा. त्या वासाने आम्हा भावंडांना कळायचं, आता बोलायचं नाही. आई भाजी निवडायचं ताट घेऊन तिथेच येऊन बसायची. आजोबांची खुर्ची खिडकीपाशी. शेजारचे काका दार न वाजवता आत यायचे आणि जमिनीवर टेकायचे. हे सगळं कुणी ठरवलेलं नव्हतं. यंत्र एकच होतं आणि ते जागचं हलत नव्हतं, म्हणून माणसं त्याच्याकडे यायची.

रेकॉर्ड लावायचा मान बाबांचा, पण वेष्टन हातात धरायचा मान आमचा. एक फूट बाय एक फुटाचं ते जाड पुठ्ठ्याचं पाकीट मांडीवर घ्यायचं आणि मागचा मजकूर वाचायचा. रागाची माहिती, बंदिशीचे शब्द, आणि खाली बारीक अक्षरांत साथ. वसंत आचरेकर, गोविंदराव पटवर्धन, अप्पा जळगावकर, चंद्रकांत कामत, पुरुषोत्तम वालावलकर. लग्नपत्रिकेवर आप्तेष्टांची नावं वाचावीत तशी आम्ही ती वाचायचो. कुमार गंधर्वांची रेकॉर्ड असली की तबल्याला आचरेकर असणार हे न वाचताही ठाऊक असायचं, तरी वाचायचोच. त्या माणसाला आम्ही कधी पाहिलं नव्हतं. पण कुमारांनी मध्येच सूर सोडून दिला की खाली ठेका कसा शांत, अढळ चालू असायचा, ते ऐकून तो घरातला वडीलधारा असावा तसा भरवसा वाटायचा.

मग कॅसेट आली. मामाने मस्कतहून टू-इन-वन, म्हणजे रेडिओ आणि टेप एकत्र असलेला सेट, आणला आणि बाबांना एक नवीन काम मिळालं. शनिवारी रात्री आकाशवाणीवर संगीताचा अखिल भारतीय कार्यक्रम असे. बाबा आधीपासून कोरी कॅसेट घालून, एक बोट लाल बटणावर ठेवून बसत. कार्यक्रमात निवेदिका साथीदारांची नावं सांगायची, तबल्यावर कोण, हार्मोनियमवर कोण, तानपुऱ्यावर कोण. बाबा ती लगेच टिपून घेत. दुसऱ्या दिवशी कॅसेटच्या वरच्या कडेचे ते दोन इवलेसे प्लॅस्टिकचे दात स्क्रूड्रायव्हरने मोडून टाकत, म्हणजे त्यावर चुकूनही दुसरं काही मुद्रित होणार नाही. आणि मग वही. लांबट, लाल कापडी पुठ्ठ्याची, रेल्वेच्या कचेरीत असते तसली. रकाने आखलेले: गायक, राग, तबला, पेटी, कुठून मिळालं, बाजू अ, बाजू ब. शाई निळी, पण साथीदारांच्या रकान्यात शंका असली तर पेन्सिल. ज्या दिवशी खात्री होई त्या दिवशी पेन्सिलीवरून शाई.

आत्या मिरजेला परतल्यावर मी ती वही काढली. भीमसेनजींचा मुलतानी त्यात होता, पण तो आकाशवाणीवरचा, वेगळाच. आत्याने ऐकलेल्या मुलतानीच्या तबल्याचं नाव मला अजून मिळालेलं नाही.

यावर विचार करताना मला वारंवार आठवते ती अगदी सुरुवातीची गोष्ट. १९०२ च्या नोव्हेंबरात कलकत्त्यात ग्रामोफोन कंपनीचा ध्वनिमुद्रक फ्रेड गाइसबर्ग याने गायिका गौहर जान यांचा आवाज ध्वनिमुद्रित केला. तीन मिनिटांचं गाणं संपतं आणि त्या खणखणीत आवाजात इंग्रजीत आपलं नाव सांगतात. मुद्रणं जर्मनीत हॅनोव्हरच्या कारखान्यात जायची, तिथे तबकडीवर लेबल लावणाऱ्याला गाणारी कोण हे कळावं म्हणून ही सोय, असं जाणकार सांगतात. नाव गाण्याच्या पोटातच कोरलेलं. ते कुणाला पुसता येणार नव्हतं. पण त्याच तबकडीवर साथ करणाऱ्यांनी आपली नावं सांगितली नाहीत, त्यांना कुणी सांगायला लावलंही नाही. मिनिटाला ७८ फेरे घेणाऱ्या तबकड्यांच्या जमान्यातल्या बहुतेक लेबलांवर साथीदार नाहीतच. म्हणजे नावं गळायला ॲपपासून सुरुवात झाली असं मला म्हणता येत नाही. एलपी आली, एका बाजूला वीसेक मिनिटं मिळाली, तेव्हा गवयाला राग उलगडायला अवकाश मिळाला आणि साथीदारालाही वाजवायला जागा मिळाली. वेष्टन मोठं झालं म्हणून नाव छापायलाही जागा झाली. कॅसेटच्या घडीच्या कागदावर ती नावं मुंगीएवढ्या अक्षरांत का होईना, टिकली. पुण्यात अलूरकरांच्या कॅसेटी हातात घेतल्या की आधी कागद उलगडून वाचायचा आणि मग पैसे द्यायचे, अशी सवय असलेली माणसं मी पाहिली आहेत. या संगीताच्या शंभरावर वर्षांच्या मुद्रणात साथीदाराला नाव मिळालं ते मधल्या काही दशकांत. ती दशकं माझ्या बालपणाची होती, म्हणून मला ती नेहमीची वाटत होती.

ॲपने मला दिलेलं मी नाकारणार नाही. पूर्वी मुंबईला कुणी निघालं की बाबा चिठ्ठी द्यायचे, काळ्या घोड्याला ऱ्हिदम हाउसमध्ये हे हे विचार. चिठ्ठीतल्या तीन गोष्टींपैकी एक मिळायची. ते दुकान २०१६ मध्ये बंद झालं. आज मी स्वारगेटच्या बसमध्ये उभी असताना मल्लिकार्जुन मन्सूरांचा एखादा अनवट राग शोधते आणि तो मिळतो. माझी मुलगी बंगळूरला रात्री काम करताना किशोरीताईंचा भूप लावते आणि मला लिंक पाठवते. ती तो माझ्याकडून शिकलेली नाही, ॲपने तिच्यापुढे आणून ठेवला. महिन्याचे पैसे मी राजीखुशीने भरते. बाबांनी एका एलपीसाठी पगारातला केवढा तुकडा काढून दिला असेल ते मला ठाऊक आहे. जगातलं इतकं गाणं इतक्या माणसांच्या हाताशी आलं, ही लहान गोष्ट नाही.

पण वर्गणी भरून घरात येतं ते ऐकण्याची परवानगी. २०२४ मध्ये विंक हे गाण्यांचं ॲप बंद झालं तेव्हा माझ्या ओळखीतल्या किती जणांनी वर्षानुवर्षं जमवलेल्या याद्या हळहळत आठवल्या. बाबांच्या वहीला असा शेवटचा दिवस नव्हता. दुसरं, रागाचे तुकडे. विलंबित एक ट्रॅक, जलद लयीतला द्रुत दुसरा. फुकटच्या योजनेत कधी कधी क्रम आपल्या हातात राहत नाही, मग द्रुत आधी आणि विलंबित दुसऱ्याच कुणाच्या तरी ठुमरीनंतर येतो. विलंबितात आळवून आळवून जो निषाद गवयाने आपल्या कानात बसवलेला असतो, त्याच्या जोरावर द्रुतातली तान उभी असते. ती आधी ऐकणाऱ्या नव्या श्रोत्याला राग म्हणजे नुसती धावपळ वाटली तर त्याचा काय दोष?

आणि तिसरी गोष्ट खोलीतल्या आवाजाची. ती मला फार उशिरा उमगली.

पुरुष गायक काळी एकमध्ये, म्हणजे पेटीच्या पहिल्या काळ्या पट्टीला सा धरून, गात असेल तर त्याचा मध्य षड्ज साधारण १३८ हर्ट्झचा. तानपुऱ्याची खर्जाची तार त्याच्या बरोबर निम्म्यावर, म्हणजे ६९ च्या आसपास. मुठीएवढ्या स्पीकरला हा मूळ स्वर पेलत नाही, त्याचं आवरणच तेवढं लहान असतं. मग आपल्याला तानपुरा ऐकू कसा येतो? वरच्या स्वरांशांवरून कान खालचा षड्ज स्वतः जुळवून घेतो. अंदाजाने ऐकतो आपण. डग्ग्याचं, म्हणजे तबल्याच्या जोडीतल्या डाव्या वाद्याचंही तेच, घुमारा जातो आणि टकटक उरते. आत्याने तबलजी ओळखला नाही त्यात याचाही वाटा असणार. माणूस ओळखायचा तो डग्ग्यावरून, डावा हात कसा दाबतो, कसा घासतो यावरून, आणि डग्गा तर त्या स्पीकरमधून बाहेरच पडत नव्हता.

बाबा गेल्यावर मिरजेचं घर आवरताना भंगारवाल्याने ॲम्प्लिफायर उचलून बघितला होता. ट्रान्सफॉर्मरमधल्या तांब्याचा त्याने भाव केला, लाकडाचे काही नाही म्हणाला. भावाने माझ्याकडे पाहिलं, मी मान हलवली, आणि सगळं सामान टेम्पोतून पुण्याला आलं. माझ्या टू-बीएचकेत ते बरीच वर्षं माळ्यावर होतं. आत्याच्या त्या प्रश्नानंतर मी ते खाली काढलं. कॅसेट डेकचा रबरी बेल्ट वितळून पुलीला चिकटला होता; बोटाला लागलेला काळा चिकटा साबणाने निघेना. एका स्पीकरच्या कडेचा फोम बोट लावताच भुगा होऊन गळाला. ॲम्प्लिफायरमधून धप्प आवाज आला, पण त्यामागून एक जाड गुणगुण, थांबेचना.

तपकीर गल्लीत चौकशी करत करत मी एका जिन्याखालच्या दुकानापर्यंत पोहोचले. दुकान म्हणजे एक टेबल, एक दिवा आणि तीन भिंतींना लावलेले मेलेले सेट. काकांनी डेक उघडला, भिंगातून हेड पाहिलं. "ताई, हे वापरात असतं ना, तर टिकलं असतं. पडून राहिलेलं मशीन लवकर मरतं," ते म्हणाले. कापसाच्या बोळ्यावर स्पिरिट घेऊन त्यांनी हेड पुसलं; बोळा तपकिरी झाला, दुसरा घेतला, तोही झाला. एवढं सगळं बाबांच्या कॅसेटींवरून झडलेलं. पिंच रोलर पॉलिश पेपरने घासला. बेल्ट नेमक्या मापाचा मिळाला नाही, जवळच्या मापाचा बसवून त्यांनी मोटरचा वेग किंचित कमी केला, आणि तो बरोबर आहे की नाही हे पाहायला कॅसेटवरचा तानपुरा लावून शेजारी फोनवर काळी एकचा तानपुरा लावला. दोन्ही जुळेपर्यंत ते स्क्रू अर्धा-अर्धा वेढा फिरवत राहिले. गुणगुण होती ती फुगलेल्या कपॅसिटरांची, ते बदलले. पैसे फार घेतले नाहीत. "पार्ट कुठून आणता?" मी विचारलं. त्यांनी भिंतीकडे बोट दाखवलं. एका सेटमधून काढायचं, दुसऱ्यात घालायचं. नवीन कुणी बनवत नाही. जवळच्या बाकावर एक मुलगा चुलत्याचा टेप घेऊन बसला होता; त्याला आत अडकलेली आजीच्या आवाजातली ओव्यांची कॅसेट सोडवून हवी होती.

ॲम्प्लिफायरच्या मागे पाच पिनांचं गोल सॉकेट आहे. काकांनी त्याला जोडायची वायर बनवून दिली आणि दुसऱ्या टोकाला काडेपेटीएवढा ब्लूटूथचा डबा लावला. आता माझ्या फोनमधलं गाणं बाबांच्या स्पीकरमधून येतं. तोच मुलतानी मी पुन्हा लावला. तानपुरा आधी जमिनीतून पायांना लागला आणि मग कानांना. डग्गा आला. मला त्या क्षणी फार आनंद झाला, आणि पाठोपाठ वाईटही वाटलं, कारण माजघर भरायला लागणारी माणसं आता नाहीत. नवरा हेडफोन लावून मीटिंगमध्ये, खालच्या मजल्यावरून आवाज कमी करा असा निरोप. यंत्र दुरुस्त होतं, त्याभोवतीची दुपार दुरुस्त करायला कुठली गल्ली नाही.

नावांचं मात्र तसं नाही. ते करता येण्यासारखं आहे. ज्या कंपन्यांनी ही गाणी ॲपवर चढवली, त्यांतल्या अनेकांनी मूळ वेष्टनं स्वतःच छापलेली आहेत. मागच्या बाजूवर नावं आहेत. ती एकदा टंकून घ्यायची आहेत, एवढंच. सिनेमाच्या गाण्याला संगीतकार, गीतकार यांचे रकाने आहेत, तसेच तबला, हार्मोनियम, सारंगी, तानपुरा यांचे हवेत. मुंबईतल्या सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्सच्या मंडळींनी कित्येक वर्षं पदरमोड करून तबकड्यांची लेबलं, क्रमांक, तारखा यांच्या नोंदी केल्या. यूट्यूबवर काही संग्राहक जुनी रेकॉर्ड चढवताना वेष्टनाच्या दोन्ही बाजूंचे फोटो लावतात, साथीदारांची नावं आवर्जून लिहितात. हौशी माणसांना जे जमतं ते वर्गणी घेणाऱ्यांना जमायलाच हवं. मी ग्राहक म्हणून तसं कळवलं आहे, कळवत राहणार आहे. ज्यांना हे गाणं प्रिय आहे त्यांनीही कळवावं. पन्नास वर्षांपूर्वी स्टुडिओत बसून ज्याने एका बैठकीत ठेका धरला, त्याच्या नातवंडांना आजोबांचं नाव शोधून सापडावं.

तोवर मी वही टंकते आहे. बाबांचं अक्षर रेल्वेच्या माणसाचं, सुटं आणि उभं, त्यामुळे काम सोपं जातं. पेन्सिलीतल्या नोंदी वेगळ्या ठेवते आहे. कॅसेटीही एकेक करून संगणकावर उतरवते आहे. फार वर्षं गुंडाळून पडलेल्या फितीवर एका वेढ्यातला आवाज शेजारच्या वेढ्यावर उमटतो, त्यामुळे सुरुवातीच्या शांततेत, पहिला सूर लागण्याआधी, तोच सूर अगदी पुसट ऐकू येतो. तो मी काढून टाकत नाही.

एक कॅसेट अडली आहे. वहीत तिची नोंद नाही. वर बाबांच्या अक्षरात फक्त 'मिरज, उरूस, पहाट' एवढं आहे, वर्ष नाही. ब्रँडवरून आणि कागदावरून ऐंशीच्या दशकातली असावी. पुरुषाचा आवाज, किराणा घराण्याचा, राग तोडी, पट्टी पांढरी दोन. पेटी जवळजवळ ऐकूच येत नाही. तबला मात्र माईकच्या अगदी जवळ आहे आणि अप्रतिम आहे. विलंबित एकतालात दर समेच्या, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेच्या, आधी तो डग्ग्यावर तळवा घासून एक लांब घिस्सा घेतो आणि सम जवळजवळ रिकामी सोडतो. द्रुतात एका तिहाईनंतर गवई गाणं थांबवून मोठ्याने म्हणतात, "वा मास्तर!" आणि लोक हसतात. त्या काळात उरुसाला बसलेल्या कुणाला 'मास्तर' म्हणून ओळखला जाणारा, असा घिस्सा घेणारा तबलजी आठवत असेल तर मला जरूर कळवा. पूर्ण नाव हवं आहे, आणि गाव ठाऊक असेल तर तेही.